हातखर्चाचा लिलाव

भीमाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, आणि न मागता कुणी काही हातावर ठेवले तर ते पारखल्याखेरीज घेतलेही नाही. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या बायकांच्या त्या मुकादमीण होत्या. त्यांच्या हाताखालच्या बायका ढिगासमोर बसल्या की बारीक गोल्टी एकीकडे, मोठा कांदा दुसरीकडे आणि सडका तिसरीकडे असा काही झरझर पडत जाई की अडत्यानेही मध्ये बोट घालायचे धाडस करू नये. लिलावाच्या वेळी व्यापारी भाव पाडू लागले की ढिगाच्या मागून भीमाबाईंचा आवाज येई, "डोळं उघडून बगा की जरा! माल हाय ह्यो, माती न्हाय!" शेतकरी ओळखीचा असो वा नसो, भीमाबाई मालाच्या बाजूने उभ्या राहत.

यार्डातल्या रोजंदारीला निवृत्तिवेतन नसते. नवरा सिद्राम अकाली गेला, मूलबाळ झाले नाही, पुढे गुडघे बसले. ढिगासमोरून उठवायला दोन बायका लागल्या, त्या संध्याकाळी भीमाबाईंनी आपला निर्णय आपणच घेतला आणि सात रस्त्यापासून आत, एका शांत गल्लीतल्या 'विसावा' वृद्धनिवासाचे दार ठोठावले. डोळ्यांत पाणी नाही, कुणाच्या नावाने बोटे मोडणे नाही. "मला हितं ऱ्हायचं हाय. तुमचा काय कायदा हाय तो सांगा," एवढेच त्या म्हणाल्या.

कायदा सरळ होता. ज्यांना कुणी नाही त्यांना सरकार दरमहा जे अर्थसाहाय्य देते, त्याला आपल्याकडे सगळे 'पगार' म्हणतात. त्या पगारातला मोठा वाटा जेवणाखाण्यासाठी निवासाकडे जाई. उरलेली लहानशी रक्कम ज्याची त्याच्या हातात रोख पडे. तिला हातखर्च म्हणत.

रक्कम लहान होती, पण वाटपाचा दिवस लहान नसे. त्या सकाळी बायका वेणीफणी करून, पुरुष धुतलेला सदरा घालून दालनात येऊन बसत. नाव पुकारले की उठून जायचे, पैसे घ्यायचे आणि मागे वळायचे. मागे वळलेला माणूस गेलेल्या माणसापेक्षा बोटभर उंच दिसे. मग ज्याची त्याची दुनिया सुरू होई. मैंदर्गीचे ईरप्पा गल्लीच्या तोंडाशी जाऊन कानडी वर्तमानपत्र आणत आणि त्यातली बातमी दिवसभर पुरवून पुरवून वाचत. कुणी मिश्रीची डबी घेई, कुणी देवळात नारळ देई. भीमाबाई बुद्धाच्या तसबिरीला फुले आणत आणि येताना कोपऱ्यावरच्या टपरीच्या बाकावर बसून एक चहा घेत. निवासात दोन वेळा चहा मिळत असे आणि तो चांगला असे. पण "आलं जरा जास्ती घाल रं" असे ज्याला सांगता येते, तो चहा वेगळा. हे ज्याला समजावून सांगावे लागते, त्याला ते सांगून उपयोग नसतो.

यंदाच्या आश्विनात मात्र या साऱ्याला दृष्ट लागली, आणि तिला निमित्त झाले ईरप्पा.

ईरप्पांना मधुमेह आणि जिलेबीचा नाद, दोन्ही बरोबरीचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हातखर्च मिळाला, ते उठले ते थेट हलवायाकडे गेले. किती खाल्ली हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. संध्याकाळी त्यांना घेरी आली, रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले आणि व्यवस्थापक उदयसिंह रात्रभर त्यांच्या उशाशी बसून राहिला.

उदयसिंह वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगून ठेवलेले बरे. वय तिशीच्या आतबाहेर, शिक्षण चांगले, वागणे नम्र, आणि म्हाताऱ्या माणसांची त्याला मनापासून कणव. पण कणव ही मोठी अवघड वस्तू आहे. ती डोक्यावर बसली की समोरचा माणूस लेकरासारखा दिसू लागतो. दवाखान्याच्या बाकावर त्याने ठरवून टाकले की यापुढे रोख पैसे कुणाच्याच हाती द्यायचे नाहीत. हातखर्चाच्या पैशातून प्रत्येकाला उपयोगी वस्तू आणून द्यायच्या. पैसा वाया जाणार नाही, कुणी आजारी पडणार नाही, आणि घाऊक खरेदीत चार वस्तू जास्तच येतील.

ठरवल्याप्रमाणे त्याने केलेही. दिवाळीच्या तोंडावर सात रस्त्याच्या गर्दीत दुकाने पालथी घालून त्याने स्वतः माल निवडला. सुवासिक साबण, उटण्याची पुडी, खोबरेल तेलाची बाटली, बिस्किटांचा पुडा, चिवडा आणि पांढरा, जाडजूड सोलापुरी टॉवेल. प्रत्येकासाठी एक कापडी पिशवी. ईरप्पांच्या पिशवीत बिनसाखरेची बिस्किटे घालायलाही तो विसरला नाही. वाटपाच्या दिवशी नावे पुकारली गेली, पिशव्या हातात पडल्या.

"आजी, वास घेऊन बघा. चंदनाचा आहे," तो भीमाबाईंना म्हणाला.

भीमाबाईंनी साबण नाकाशी नेला, टॉवेलचे सूत अंगठ्याने चोळून पाहिले, बाटलीचे झाकण तपासले.

"माल चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आन् पैसं?"

"यातच आलं की सगळं, आजी. उलट जास्तीच आलंय."

भीमाबाईंनी साबण पुन्हा पिशवीत टाकला. पिशवी घेऊन खाटेवर येऊन बसल्या. शेजारपाजारच्या बायका साबणाचा वास घेत होत्या, काही जणी खूशही होत्या. पण त्या दिवशी कुणी वेणीफणी करून गल्लीच्या तोंडाशी गेले नाही. दालनात सगळेच्या सगळे होते, आणि तरी कुणीच आल्यासारखे वाटत नव्हते.

कोंडीबांनी तर पिशवी उघडलीसुद्धा नाही.

कोंडीबा माळशिरसकडचे. साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून त्यांची हयात गेली. अबोल माणूस, जेवणात मीठ कमी पडले तरी मागणार नाही. आई-बाप लहानपणी गेल्यावर धाकट्या बहिणीला, वैजयंतीला, त्यांनीच लहानाची मोठी केली आणि स्वतःचे लग्न लांबवून आधी तिला नांदायला पाठवली. आता त्यांचे घरही उरले नव्हते आणि बायकोही. तरी दर भाऊबीजेला वैजयंती एसटीच्या दोन गाड्या बदलून 'विसाव्या'त येई, दालनाच्या मध्यभागी पाट मांडी आणि भावाला ओवाळी. कोंडीबा सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली नोट काढून तिच्या ताटात ठेवीत. ती मोजून न बघता कपाळाला लावी. तिची मुले कमावती होती, तिला कशाची ददात नव्हती. पण तिच्या माहेराला आता ना घर होते ना अंगण. तिचे माहेर म्हणजे या भावाचा तळहात, आणि वर्षातून एकदा तो तळहात तिच्या ताटावर उघडत असे.

पिशव्या वाटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कोंडीबा भीमाबाईंकडे आले आणि त्यांचा बटणांचा मोबाइल मागून घेऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली गेले. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून फोनवरचे बोलणे मोठ्याने. सारे अंगण ऐकत होते.

"वैजे, अगं, या साली येऊ नगंस… न्हाय न्हाय, बरा हाय मी. हितं रंगकाम काडलंय. समदं उलथंपालथं हाय. पावण्यास्नी सोडत न्हाईत आत… व्हय. पुडल्या साली बगू."

फोन परत द्यायला ते आले, तेव्हा भीमाबाईंनी तो घेतला नाही. आधी भिंतीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"कुटं काडलंय रंगकाम?"

"हळू बोला की आक्का."

"मी हळू बोलले तर तुमाला ऐकू येत न्हाय. बहिणीला येऊ नगं का म्हनलासा?"

कोंडीबा खाटेच्या कडेला टेकले. बराच वेळ नखाने नख खरवडत राहिले.

"ताटात काय ठिऊ, आक्का? साबण?"

भीमाबाईंना हसू आले आणि ते ओठांवर पोचायच्या आत विरून गेले.

"सायबास्नी सांगा. मानूस चांगला हाय. देतील."

"देतील की. न द्यायला काय झालं? पर इचारतील, कशाला पायजेल? मग म्या सांगायचं, बहिणीच्या ताटात घालायला. मग त्यास्नी माजी दया येनार. सोताच्या पाकिटातनं काडून देतील. आता तुमीच सांगा, ती ओवाळणी माजी का त्यांची?"

"मग मी देते."

"तुमच्याकडं तरी कुटनं आलं? तुमाला बी साबणच मिळालाय की."

हे खरे होते, आणि खरे असल्यामुळे जास्त झोंबणारे होते. भीमाबाईंच्या घरी भाऊबीज नव्हती. धम्मदीक्षा घेतल्यापासून त्यांच्या सासरी-माहेरी ते सण सुटले होते, आणि सुटले याचे त्यांना कधी वाईटही वाटले नाही. पण सण आपला नसला म्हणून माणूस परका होत नाही. रिकाम्या हाताने बहिणीला सामोरे जाण्यापेक्षा तिचे तोंड न पाहिलेले बरे, असे ज्याला वाटते, त्या भावाचा अभिमान त्यांना स्वतःच्या हाताच्या रेषेसारखा ओळखीचा होता.

त्या दिवसभर भीमाबाई त्यावरच विचार करत राहिल्या. उदयसिंहाला त्या एका शब्दात सांगू शकल्या असत्या. पण कोंडीबांनी जी गोष्ट झाकली ती दुसऱ्याच्या तोंडून उघडी होणे, म्हणजे त्यांची ओवाळणी वाचवून त्यांनाच बुडवणे होते. वाट अशी हवी होती की कोंडीबांना काही मागावे लागू नये, काही सांगावे लागू नये, आणि पैसा मात्र त्यांचा स्वतःचा असावा.

यार्डात एकदा दिवाळीच्या तोंडावर एका अडत्याने बायकांना रोजाऐवजी कांदा देऊ केला होता. भीमाबाईंनी कांदा घेतला, यार्डाच्या फाटकाबाहेर त्याच घटकेला विकून दाखवला आणि रोजापेक्षा चार पैसे जास्त उभे केले. पुढच्या आठवड्यापासून अडत्या मुकाट्याने रोख देऊ लागला. अशा बाईच्या हातात माल देऊन पैसा अडवून धरणे ही चूक सोलापुरात दुसऱ्या कुणी केली नसती. पण उदयसिंह यार्डात कधी गेलेला नव्हता.

धनत्रयोदशीच्या सकाळी तो बँकेच्या कामासाठी बाहेर पडला, आणि भीमाबाई गेटाबाहेरच्या कट्ट्यावर आपला नवा टॉवेल अंथरून बसल्या. पिशवीतला एकेक जिन्नस त्यांनी त्यावर मांडला. मग घसा साफ केला. गेली कित्येक वर्षे तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

"या, या, या! दिवाळीचा माल! फोडल्याला न्हाय, वापरल्याला न्हाय!"

गल्लीतून भाजी घेऊन चाललेल्या दोघी थबकल्या. कोपऱ्यावरच्या थांब्यावरून एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"क्या अम्मा, सेल लगाये क्या?"

"सेल न्हाय रं, लिलाव हाय. सेलमदी भाव पडतो, लिलावात चडतो. इकडं ये, वास घे. वास फुकट हाय."

"आजी, सगळं मिळून कितीला?" भाजीची पिशवी सावरत एकीने विचारले.

"किंमत मी न्हाय सांगणार, बाई. मी माल दावणार, बोली तुमी लावायची. ह्यो टॉवेल बगा. पिळून बगा, ताणून बगा. सोलापुरात बसून मी सोलापूरच्या टॉवेलचं काय सांगू?"

बाईने दबकत एक आकडा सांगितला. भीमाबाईंनी असा चेहरा केला की जणू आकडा कुणी दुसऱ्याच वस्तूचा सांगितला आहे.

"बाईसाहेब, येवड्यात तर नुसतं झाकण येतं बाटलीचं."

रिक्षावाला खो-खो हसला आणि त्याने बोली वाढवली. बाईला ते हसणे खपले नाही, तिने आणखी वाढवली. दुसरी म्हणाली, मी काय रिकाम्या हाताने जाऊ? पाहता पाहता चढाओढ लागली. "एकवार! दोनवार! रिक्षावाले, बायकूला काय सांगाल, दिवाळीला उटणं बी न्हाय आणलं?… तीनवार!" सौदा तुटला. भीमाबाईंनी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या आणि गाठ सगळ्यांना दिसेल अशी खांद्यावर टाकली.

गेटाच्या आत म्हातारी माणसे जमली होती. पुढे यायला कुणी धजत नव्हते. मग ईरप्पा आपली पिशवी छातीशी धरून बाहेर आले.

"अव्वा, माझी बी घे. मला बिस्किट ब्याड. नगं मला."

"जिलेबीला पैसं पायजेत व्हय?"

"न्हाय अव्वा!" ईरप्पांनी दोन्ही कानांना हात लावले. "पेपर घेतो. आठवडा झाला, जगात काय चाललंय काय ठावं न्हाय."

"मग बस हितं. बिनसाखरेचा माल हाय म्हनून ओरड. शुगरवाली गिऱ्हाइकं भरपूर हायत सोलापुरात."

ईरप्पा ओरडले, अर्धे मराठीत, अर्धे कानडीत, आणि खरोखरच एका वकिलाच्या बायकोने ती बिस्किटे चांगल्या बोलीने उचलली. त्यानंतर वाट मोकळी झाली. एकामागून एक पिशव्या येऊ लागल्या. कुणी फक्त उटणे विकले आणि साबण ठेवून घेतला, कुणी चिवडा ठेवला आणि बाकी सारे काढले. भीमाबाई कुणालाही विचारत नव्हत्या, का विकता, कशाला हवेत पैसे. फक्त माल हातात घेत आणि त्याचे गुण गात. एरवी खाटेवर पाय जवळ घेऊन पडून असणारी माणसे आज कट्ट्यावर पाय सोडून बसली होती आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होती.

सगळ्यांच्या शेवटी, सहज पाय मोकळे करायला आल्यासारखे, कोंडीबा आले. पिशवीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. ती त्यांनी टॉवेलाच्या कडेला ठेवली आणि आभाळाकडे पाहत उभे राहिले.

भीमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी गाठ सोडली, आणि नेमकी त्याच वेळी उदयसिंहाची मोटारसायकल गर्दीतून वाट काढत कट्ट्यापुढे येऊन थांबली.

बोली थांबली. रिक्षावाला एक पाऊल मागे सरला. उदयसिंहाने कट्ट्यावरचे साबण पाहिले, त्याने स्वतः निवडलेल्या तेलाच्या बाटल्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा रागावलेला कमी, दुखावलेला जास्त दिसला.

"आजी, हे काय चाललंय?"

"लिलाव."

"मी दोन दिवस दुकानं पालथी घालून आणलं हे सगळं. एकेक वस्तू बघून."

"म्हनून तर भाव आला, सायेब. माल चांगला आणलासा तुमी. वाईट असता तर मी विकायला बसले नसते."

"मग विकताय का? कुणाला पैशाची गरज होती?" त्याने सगळ्यांकडे नजर फिरवली. "मला सांगायचं होतं. आत्ता सांगा. कुणाला हवेत, कशासाठी हवेत, तेवढंच सांगा. मी या क्षणी देतो. दुप्पट देतो."

कट्ट्यावर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊक होते. कडुलिंबाखालचा तो फोन साऱ्या अंगणाने ऐकला होता. कोंडीबांची मान खाली गेली. त्यांचा हात पिशवीच्या बंदाकडे गेला. ती उचलून आत निघून जावे की काय, अशा बेतात ते होते. एक शब्द, आणि प्रश्न मिटला असता. दुप्पट पैसे मिळाले असते. ईरप्पांनी तोंड उघडले, भीमाबाईंनी नुसते पाहिले, आणि ते मिटले.

"सायेब," भीमाबाई म्हणाल्या, "तुमचा पगार होतो तवा कशाला पायजे म्हनून कुणी इचारतं का तुमाला?"

"तो माझा पगार आहे, आजी."

"ह्यो बी आमचाच हाय. सरकारनं आमच्या नावानं धाडलाय. खानं-ऱ्हानं कापून घेता, ते बराबर हाय, आमी सया केल्यात. उरल्यालं आमचं. त्याला कारण लागत न्हाय."

"आणि ईरप्पांना काही झालं असतं म्हणजे?"

"जीभ त्यांची चुकली आन् हात आमचे समद्यांचे बांधलासा?" आवाज चढला नाही; तो आपसूकच मोठा होता. "ईरप्पाची जीभ आमी संबाळतो. हलवायाच्या दुकानाम्होरं आमच्यातलं एक मानूस त्याच्यासंगं जाईल. पर पेपर त्याचा त्यालाच आणू द्या. तुमच्या पिशवीत कानडी पेपर व्हता का?"

"इल्ला," ईरप्पा पुटपुटले. "नव्हता."

उदयसिंहाने गाडी तिथेच स्टँडला लावली. मग कोरड्या स्वरात म्हणाला, "गेटाबाहेर विक्री करणं नियमात बसत नाही. मला विश्वस्तांना कळवावं लागेल. ते काय ठरवतील ते माझ्या हातात नाही, आजी. तुमच्या इथल्या जागेवरही येऊ शकतं."

जागेवर येणे म्हणजे काय, हे भीमाबाईंना नेमके कळले. ही खाट गेली तर दुसरी खाट नव्हती. त्यांनी पदराची गाठ चाचपली आणि कोंडीबांची पिशवी उघडली.

"कळवा, सायेब. तुमचं काम हाय ते. माजं काम ह्ये. गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि मान वर करून, "कुणाची बोली हाय? टॉवेल, तेल, साबण, समदं हाय तसं! गाठ बी सोडली नव्हती मालकानं!"

बोली येईना. भाजीची पिशवी घेतलेली बाई उदयसिंहाकडे पाहत होती, उदयसिंह कट्ट्याकडे. आणि तिथे त्याला जे दिसले, ते त्याच्या साऱ्या शिक्षणात त्याने पाहिलेले नव्हते. एवढी गरीब माणसे, दुप्पट पैशाचे आमिष समोर, कारण सगळ्यांना ठाऊक असल्याचे त्यांच्या चेहऱ्यांवर उघड लिहिलेले, आणि एकही जण ते सांगत नव्हता. कुणीतरी एक जण पिशवीच्या मागे उभा होता आणि बाकीचे सारे त्याच्यासमोर भिंतीसारखे बसले होते.

"ही पिशवी कुणाची आहे?" त्याने हळू विचारले.

"इकणाऱ्याची," भीमाबाई म्हणाल्या.

उदयसिंहाने पुन्हा विचारले नाही. त्याची मोटारसायकल बरोबर कट्ट्यापुढे, गिऱ्हाइकांच्या वाटेत उभी होती. त्याने स्टँड काढला, गाडी ढकलत भिंतीकडेला नेली, आणि माणसांना उभे राहायला जागा करून दिली. मग मान खाली घालून आत गेला. आपली चूक उमगल्यावर ती कबूल करणारे पुष्कळ असतात. मुकाट्याने वाटेतून बाजूला होणारा विरळा. त्या घटकेपासून भीमाबाईंनी त्याला आपल्या माणसांत धरला, हे त्याला पुढे बरेच दिवस कळले नाही.

"क्या देखते, बोली लगाओ!" रिक्षावालाच ओरडला, आणि लिलाव पुन्हा पेटला. कोंडीबांच्या पिशवीला त्या दिवसातला सगळ्यांत चढा भाव आला. भीमाबाईंनी नोटा त्यांच्या तळहातावर ठेवल्या. कोंडीबांनी मूठ मिटली, आणि ती मिटलेली मूठ तशीच घेऊन ते मोबाइल मागायला उभे राहिले.

"वैजे, ये गं. रंगकाम झालं… व्हय, झालं की… वाळलं, वाळलं! लवकर वाळतो ह्यो रंग!"

दुसऱ्याच दिवशी उदयसिंहाने दालनात सगळ्यांना बोलावले. यापुढे हातखर्च पूर्वीप्रमाणे रोख मिळेल एवढेच त्याने सांगितले आणि विश्वस्तांना आपण काय कळवले, याबद्दल अवाक्षर काढले नाही. कुणी विचारलेही नाही.

भाऊबीजेला दुपारी वैजयंती आली. हिरवे लुगडे, हातात पितळी ताट, काखोटीला डबा. दारात तिने चप्पल काढली आणि भिंतींवरून एकदा नजर फिरवली. पोपडे होते तिथेच होते, खिळ्यांची भोके होती तिथेच होती. तिने भावाकडे पाहिले. भाऊ पाट झटकण्यात गुंतला होता.

"छान दिलाय की रंग, दादा," ती म्हणाली.

मग पाट मांडला, रांगोळीची बोटे ओढली. कोंडीबा बसले, डोक्यावर टोपी नीट केली. वैजयंतीने कुंकू लावले, सुपारी ओवाळली, ज्योत ओवाळली. उदयसिंह कार्यालयाच्या दारात उभा होता. त्याने पाहिले की कोंडीबांचा हात खिशाकडे गेला, घडी घातलेली नोट निघाली आणि ताटात पडली. वैजयंतीने ती न उलगडता कपाळाला लावली. त्याने भीमाबाईंकडे पाहिले. त्या आपल्या पदराचा काठ सारखा करण्यात गढल्या होत्या. इकडेतिकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. आजवर ज्याला बाहेर जायचे असे तो कार्यालयाच्या दारात थांबे आणि "जाऊ का, साहेब?" असे विचारी. कोंडीबा तर ते नेहमी इतक्या खालच्या आवाजात विचारीत की त्यांना दोनदा विचारावे लागे. आज ते बहिणीचा डबा हातात घेऊन कार्यालयावरून पुढे निघाले. दारापाशी क्षणभर थांबले, मान वळवली आणि घरातला कर्ता माणूस ज्या स्वरात सांगतो, त्या स्वरात म्हणाले,

"सायेब, बहिणीला गाडीत बसवून येतो."

"हो," उदयसिंह उठून उभा राहिला. "या."